रात्र एक, तारीख एक

दि. ६ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, नेहमीप्रमाणे माझ्याच मागच्या पत्रातल्या अकरा चुका लाल पेनाने दुरुस्त होऊन आलं. आत्या, लोक पत्राचं उत्तर पाठवतात, तू गुणपत्रिका पाठवतेस. रोजच्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासतेस ती कमी पडतात का गं? बाबांची पाठ आता बरी आहे. ते स्वतः काहीच सांगत नाहीत, आईच सगळं सांगते, आणि मग ते म्हणतात की हिला अतिशयोक्तीची सवय आहे.

आता जरा बसून वाच, उभ्याने वाचू नकोस. उत्तरेकडचा तो तांबूस तारा, आमच्या वेधशाळेच्या घुमटातून कधीच न मावळणारा, तू इथे नोकरीला होतीस तेव्हा तुझ्या रोजच्या यादीतला, तो डुलतो आहे. गेली चार वर्षं आम्ही त्याचा प्रकाश पट्टीसारखा पसरून बघतोय. त्या पट्टीतल्या काळ्या रेघा काही महिने किंचित निळ्याकडे सरकतात आणि काही महिने तांबड्याकडे. म्हणजे तारा कधी आपल्याकडे येतो, कधी लांब जातो. ग्रह दिसत नाही, पण कोणीतरी त्याला ओढतंय हे कळतं. एक फेरी अकरा महिन्यांच्या थोडी वर.

ग्रह ताऱ्याच्या बरोबर समोरून जात असेल तर काही तास उजेड थोडासा कमी होईल, आणि त्यावरून त्याचा आकार कळेल. त्याच्याभोवती हवा असेल तर तिच्या कडेतून गाळून आलेला उजेडही तपासता येईल. पण डुलण्यावरून एवढंच सांगता येतं की ही वेळ मार्चच्या पाच ते सतरा तारखेत कधीतरी येईल. मोठी दुर्बीण आम्हाला मिळते एकच रात्र.

आमच्या संचालक सरांना काल तुझी आठवण झाली. तीस वर्षांत पहिल्यांदा झाली असावी. मला विचारलं की तुमच्या आत्यांकडे एक जुनी वही होती ना. आत्या, तुला त्या वेळी जे दिसलं ते हेच होतं. तुला भास झाला नव्हता.

रागावलीस तरी पत्र पाठव, आणि जमलं तर चुका न मोजता.
तुझी,
भिंगरी


दि. १४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘अतिशयोक्ती’ यावेळी बरोबर लिहिलंस, प्रगती आहे. दादाला सांग की पाठ माझीही दुखते, पण मी कोणाला सांगत नाही, कारण माझ्याकडे सांगायला वहिनी नाही.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, आणि वाचून झाल्यावर घरातली तीन भांडी उगीचच घासली. म्हणे आठवण झाली! गरज सरो वैद्य मरो हे ऐकलं होतं. वैद्याला मारून तीस वर्षांनी औषधाची चिठ्ठी मागणारा हा पहिलाच.

तुला अर्धंच ठाऊक आहे, आज सगळं सांगते. तेव्हा दुर्बिणीच्या मागे एक नळी असायची. पत्र्याला टाचणीएवढं भोक, त्यात तारा धरायचा, आणि नळी त्याचा उजेड मोजून कागदाच्या पट्टीवर आकडे काढायची. दहा मिनिटं आपला तारा, मग दोन मिनिटं शेजारचा, पुन्हा आपला. रात्रभर हेच. ३ ऑक्टोबरला पहाटे दोनला माझा तारा शंभरात दीड भागाने मंदावला, साडेतीन तास तसाच राहिला आणि पुन्हा वर आला. शेजारचा तसूभर हलला नाही. तुझे सर, म्हणजे आमचे घुमटशेठ, म्हणाले, ढग असेल. मी म्हटलं, ढग असता तर शेजारचाही मंदावला असता. तेव्हा ते हसले.

पावणेपाच वर्षांनी, ३० मेला पहाटे, पुन्हा तेच. तेवढंच खाली, तेवढाच वेळ. मी पट्टी घेऊन सकाळी त्यांच्या खोलीत गेले. खोलीत सात माणसं होती. ते सगळ्यांना म्हणाले की बाईंना रात्री डुलकी लागते, तारा भोकातून निसटतो, आणि सकाळी बाईंना नवा चमत्कार सापडतो. सातही जण हसले. चहा आणणारासुद्धा हसला. त्यानंतर त्या घुमटात मला कोणी नावाने हाक मारली नाही, डुलकीबाई म्हणूनच मारली. चार महिन्यांनी मी राजीनामा दिला.

तेव्हापासून वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत आहे. तीस वर्षांत एकदा टेबलावर डोकं टेकवलेलं दाखवावं कोणी.

वही आहे माझ्याकडे. देणार नाही. तारीख हवी असेल तर त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहून मागावी. तोंडी निरोप चालणार नाही.

जेवत जा वेळेवर, आणि लोभ आहे तो आहेच, तो वेगळा मागू नकोस.
आत्या


दि. २७ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा निरोप सरांना शब्दशः दिला. फक्त ‘घुमटशेठ’ गाळलं. त्यांनी चार ओळींचं पत्र लिहायला अर्धा तास घेतला. तीन कागद फाडले. मी समोरच बसले होते आणि खिडकीबाहेर बघत होते, पण खिडकीत त्यांचं प्रतिबिंब दिसत होतं. आज टाकलंय टपालात.

पट्टी घेऊन त्या खोलीत उभी असलेली तू सारखी डोळ्यांसमोर येतेस. त्याच खोलीत माझं टेबल आहे गं. तेच सर माझ्या प्रबंधावर सही करणार आहेत. रोज सकाळी नमस्कार करते आणि मनात म्हणते की तुम्ही माझ्या आत्याला हसलात.

एक सांगते, ते थकलेत आता. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. हा ग्रह हाती लागला तर जाताना मान ताठ असेल. नाहीतर चार वर्षांचं डुलणं तेवढं राहील, आणि बाकीचे म्हणतील की ताऱ्यावरचे डाग फिरताना तसंच दिसतं, ग्रहबिग्रह काही नाही. म्हणून ते त्या रात्रीसाठी वेधशाळेला अनुदान देणाऱ्या मंडळाची माणसं बोलावणार आहेत. तुझ्या वर्तमानपत्राचा बातमीदारही.

बाबा विचारतात की वहीत नक्की काय आहे. मी म्हटलं, तुमची बहीण आहे. ते म्हणाले, मग जपून उघडा.

तुझी,
भिंगरी


दि. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. लहान तुकडे कर.

चार ओळी मिळाल्या. त्यात ‘कृपया’ दोनदा आहे. ‘चूक’ एकदाही नाही. मी वाट बघत होते, खरंच सांगते. एक शब्द असता तरी मी वहीच पाठवली असती. पण साहेबांना फक्त तारीख हवी होती. मग म्हटलं, घ्या तारीख!

आता नीट वाच. वही काढली, दोन्ही रात्रींमधले दिवस मोजले. १७०० दिवसांना काही तास कमी. तुमच्या डुलण्यावरून त्यात पाच फेऱ्या बसतात. तिथून बत्तीस फेऱ्या पुढे मोजल्या. उत्तर येतं ११ मार्च, पहाटे दोन वाजता सुरुवात. म्हणजे दहा तारखेच्या संध्याकाळी तुम्ही दुर्बीण उघडाल ती रात्र. तीनदा ताळा केला, तासाभराचा फरक पडेल, जास्त नाही.

घुमटशेठना मी कळवलंय, एक दिवस पुढची. अकराच्या संध्याकाळी बसा, बाराच्या पहाटे दिसेल.

बसू दे त्यांना! मंडळाची माणसं, बातमीदार, सगळे डोळे ताणून आणि पट्टी सरळच्या सरळ. वरातीमागून घोडं. मग मी विचारणार आहे, साहेब, डुलकी लागली होती का? आणि आदल्या रात्री तू तुझ्या जुन्या महाविद्यालयाच्या गच्चीवरची लहान दुर्बीण घेऊन बसायचंस. दीड टक्का तीही दाखवेल. शोध तुझ्या नावावर लागेल आणि ती बातमी माझ्या पेन्सिलीखालून जाईल. तीस वर्षं मी अशा एका बातमीची वाट बघतेय. मला आनंद होतोय, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

गच्चीवर थंडी असेल, कानाला गुंडाळून बस.
आत्या


दि. १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं. तुकडे दोन वेगळ्या डब्यांत टाकले. आता समाधान?

आत्या, माझी दोन रात्री झोप उडालीय. तुझ्यावर रागावू की तुझ्या बाजूने उभी राहू, मलाच कळत नाही. त्यांचं नाक कापलं जावं असं मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू! पण ती दुर्बीण त्यांची एकट्याची नाही. आम्ही पाच जणांनी चार वर्षं त्या रेघा मोजल्या आहेत. मोठ्या दुर्बिणीने ग्रहाच्या हवेतून आलेला उजेड मिळेल, गच्चीवरची काय देणार? उजेड कमी झाला एवढंच सांगणार. पुन्हा अशी रात्र जुळून यायला किती वर्षं लागतील कोणास ठाऊक, बहुतेक वेळा ही वेळ भर दिवसा येते.

तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यास आणि आता स्वतः मुद्दाम एक घालतेस? अजून वेळ आहे. एक कार्ड टाक, ‘तारीख दुरुस्त’. तुझी लबाडी मी फोडणार नाही, ते तुझं तू ठरव. गच्चीची किल्ली मात्र घेऊन ठेवली आहे. तुझ्या ताऱ्यासाठी घेतली, सुडासाठी नाही.

पाया पडते, विचार कर.
तुझी,
भिंगरी


दि. २२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

विचार केला. नाही.

आत्या


दि. ११ मार्च, सकाळ

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, बोटं अजून गारठलेली आहेत. रात्री साडेनऊपासून उजाडेपर्यंत गच्चीवर होते. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. तुझा तारा, शेजारचा तारा, पुन्हा तुझा, अगदी तुझ्याच पद्धतीने. दोन वाजले, तीन वाजले, पाच वाजले. काही नाही गं. रेघ सरळ. ना खाली, ना वर.

दुर्बीण बरोबर होती, चार वेळा तपासली. आत्या, तुझा हिशोब चुकला असेल का? की त्या रात्री खरंच दुसरं काही झालं होतं? हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय. तू मला ओरड, पण गप्प राहू नकोस.

आज संध्याकाळी घुमटात जायचं आहे. सर सकाळपासून नवा सदरा घालून फिरताहेत.
तुझी,
भिंगरी


दि. १३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि., आणि एक साष्टांग नमस्कार वेगळा.

बसलीस? काल पहाटे, म्हणजे अकराच्या रात्री, दोन वाजून वीस मिनिटांनी तो खाली गेला. शंभरात दीड भाग. साडेतीन तास. शेजारचा तसूभर हलला नाही. तू पत्रात लिहिलेल्या आकड्यांवर आमचे आकडे ठेवले तर एकाखाली एक झाकले जातात. ग्रह आहे, आत्या! आपल्या पृथ्वीच्या चौपट रुंद आहे, आणि त्याच्या हवेचं बघायला आता सहा महिने पुरणार नाहीत इतका माल मिळालाय. तुला भास झाला नव्हता. मी रडले, सगळ्यांसमोर.

मग मला तुझी ती तारीख आठवली आणि हसू आवरेना. सर विचारत होते काय झालं, त्यांना काय सांगणार? तू त्यांना फसवायला जी रात्र दिलीस ती खरी निघाली, आणि मला प्रेमाने दिलीस ती खोटी!

सकाळी मी जुन्या नोंदवह्यांच्या कपाटाशी गेले. पहिल्याच वहीच्या पहिल्या पानावर घुमटाचा नियम लिहिलेला आहे: ‘रात्र एक, तारीख एक. मध्यरात्र उलटली तरी संध्याकाळचीच तारीख लिहावी.’ अक्षर कोणाचं असेल सांग? तुझं. ३ ऑक्टोबर, दोन वाजता, म्हणजे खरी चार तारखेची पहाट गं! तीस वर्षं वर्तमानपत्रात राहून तू आपलीच वही मध्यरात्री बदलणाऱ्या छापील तारखेच्या डोळ्यांनी वाचलीस. दोन्ही नोंदी एकेक दिवस अलीकडे धरल्यास, म्हणून उत्तर एक दिवस अलीकडे आलं. मग खोटं बोलायला एक दिवस पुढे सरकवलंस. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सरांनी सगळ्यांसमोर तुझं कौतुक केलं. म्हणाले की तीस वर्षांपूर्वी याच घुमटात एका साहाय्यिकेने हे पाहिलं होतं, त्या वेळी ‘आपल्याला’ ते ओळखता आलं नाही, पण त्यांनी दिलेल्या तारखेत एका रात्रीचीही चूक नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, काय करणार! डुलकीचा शब्द त्यांनी काढला नाही.

आणखी एक. ३० मेच्या पानावर तुझ्या नोंदीवर लाल शाईची इतकी जाड आडवी रेघ आहे की खालचे आकडे वाचता येत नाहीत. खाली शेरा: ‘निरीक्षिकेस डुलकी. नोंद रद्द.’ सही त्यांची. हे सांगू की नको असं वाटत होतं, पण तुझ्यापासून लपवणार नाही.

शोधनिबंधाचा कच्चा मसुदा सर तुला पाठवताहेत. त्यांना वहीची दोन पानं हवी आहेत, त्या पानांशिवाय निबंध पुरा होत नाही.
तुझी,
भिंगरी


दि. १७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. परवा रात्री बातमी माझ्याच टेबलावर आली. ‘अचूक तारीख देणाऱ्या माजी साहाय्यिका’. पेन्सिल हातात होती. तीस वर्षांत चुकीचा शब्द मी पुढे जाऊ दिलेला नाही. ‘अचूक’ जाऊ दिला. घरी आले आणि तुझ्या बाबाला पहिल्यांदाच सगळं लिहून कळवलं. तो काय म्हणेल ठाऊक आहे, म्हणून त्याचं उत्तर यायच्या आतच मी माझं ठरवलं.

ग्रह आहे. एवढं एक वाक्य मी दिवसातून पाच-सहा वेळा स्वतःशी म्हणते. तो आहे, आणि मी जागी होते.

पण त्यांचं कौतुक घशाखाली उतरत नाही. टाळ्या मिळाल्या त्या माझ्या लबाडीला, आणि ‘आपल्याला ओळखता आलं नाही’ म्हणून सुटले ते. माझी चूक झाकली गेली, त्यांचीही झाकली गेली. दोघांचंही साटंलोटं झाल्यासारखं. नको मला ते. मसुदा आला आहे, दुरुस्त करून आजच परत पाठवतेय. सोबतच्या पत्राची नक्कल तुला जोडते. तुझ्या प्रबंधावरच्या सहीचं काय होईल ही एकच धास्ती आहे, म्हणून तू मला आधीच अडवलं होतंस हे त्यात लिहिलंय.

तू हुशार आहेस. नियम पुन्हा पहिल्या पानावर लिहून ठेव, आपल्या अक्षरात.
आत्या


(नक्कल)
दि. १७ मार्च

मा. संचालक यांस,
सा. न. वि. वि.

आपला मसुदा तपासला. शुद्धलेखनाच्या चुका नऊ, त्या समासात दाखवल्या आहेत. मजकुराच्या दोन, त्या खाली देते.

पान चौथे, ओळ सहावी. ‘त्यांनी अचूक तारीख कळवली’ यातला ‘अचूक’ काढावा. त्या जागी असं छापावं: ‘तारीख काढताना त्या एका दिवसाने चुकल्या. मनात जुना राग असल्याने आम्हाला कळवताना त्यांनी ती मुद्दाम एक दिवस बदलली. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या.’ हे खरं आहे. आपल्या मंडळींसमोर आपलं हसं व्हावं म्हणून मी हे केलं. माझ्या भाचीने मला अडवण्याचा प्रयत्न केला होता, तिला यात ओढू नये.

त्याच पानावर, ओळ सातवी. ‘त्या वेळी आम्हाला हे ओळखता आलं नाही’ हे पूर्ण काढावं. त्या जागी: ‘३० मेच्या रात्री निरीक्षिका जागी होती. तिला डुलकी लागल्याचा शेरा संचालकांनी पट्टी न बघता मारला.’ खाली आपली सही असावी, लाल शाईत नको.

माझी लबाडी माझ्या नावाने छापा, आपली आपल्या नावाने. एक ओळ गाळून दुसरी छापता येणार नाही. दोन्ही छापलेला कच्चा कागद माझ्याकडे आला की वहीची पानं त्याच दिवशी टपालात पडतील. तोवर वही माझ्या उशाशी आहे.

लोभ आपल्यात कधी नव्हता, तेव्हा तो असावा असं खोटं लिहीत नाही.

आपल्या घुमटातली,
३० मेच्या रात्री जागी असलेली